ताळा जुळला, पण माणूस तोच का?

पनवेलचा पिनकोड ४१०२०६. त्यातले शेवटचे चार अंक घ्या: ०, २, ०, ६. उतरत्या क्रमाने मांडले की ६२००, चढत्या क्रमाने मांडले की ००२६. मोठ्या संख्येतून लहान वजा करा. उत्तर येते ६१७४. आता या उत्तरावर तीच क्रिया पुन्हा करा: ७६४१ वजा १४६७. उत्तर पुन्हा ६१७४! यापुढे कितीही वेळा करा, आकडा जागचा हलत नाही.

हे काही पनवेलचेच भाग्य नव्हे. कोणतीही चार अंकी संख्या घ्या. चारही अंक सारखे नसले म्हणजे झाले. मधले एखादे उत्तर तीन अंकी आले तर पुढे शून्य धरायचे. जास्तीत जास्त सात पायऱ्यांत प्रत्येक संख्या ६१७४ वर येऊन थांबते. पनवेल पहिल्याच पायरीला पोहोचते, एवढेच.

हा आकडा शोधला दत्तात्रय रामचंद्र कापरेकर यांनी. १९०५ साली डहाणूत जन्मलेले कापरेकर नाशिकजवळच्या देवळालीत शाळामास्तर होते. विद्यापीठातली नोकरी नाही, पदव्युत्तर पदवी नाही. हाताशी कागद, पेन्सिल आणि डोक्यात आकड्यांचे वेड. १९४९ मध्ये त्यांनी हा शोध मद्रासच्या गणित परिषदेत मांडला. १९७५ मध्ये मार्टिन गार्डनर यांनी ‘सायंटिफिक अमेरिकन’मधील आपल्या सदरात कापरेकरांवर लिहिले आणि देवळालीच्या मास्तरांचे नाव जगभर गेले. ६१७४ ला आज ‘कापरेकर स्थिरांक’ म्हणतात.

आरोग्याच्या पानावर हे कशाला, असा प्रश्न पडेल. त्याचे उत्तर असे, की ६१७४ च्या मुळाशी अंकांचा जो गुणधर्म आहे, तोच रुग्णालयात एका रुग्णाचा रिपोर्ट दुसऱ्याच्या हाती जायला वाट करून देऊ शकतो. ती वाट बुजवायलाही संख्यांचेच गणित उपयोगी पडते.

नवाचा ताळा

जुन्या पिढीला शाळेत नवाचा ताळा शिकवलेला असे. मोठा गुणाकार केला की तो बरोबर आहे का, हे पाहण्यासाठी अंकांची बेरीज करत जायचे आणि एक अंक उरेपर्यंत थांबायचे नाही. दोन्ही बाजूंना तोच अंक उरला तर ताळा जुळला.

यामागचे कारण सोपे आहे. १० ला ९ ने भागले की बाकी १ उरते. १०० ला भागले तरी १, हजाराला भागले तरी १. म्हणजे नऊच्या दृष्टीने एकम, दशम, शतम या सगळ्या जागा सारख्याच. संख्येला ९ ने भागून जी बाकी उरते, तीच तिच्या अंकांच्या बेरजेला भागून उरते. मग तेच अंक कोणत्याही क्रमाने लिहा, बाकी बदलत नाही. आणि सारखी बाकी असलेल्या दोन संख्यांची वजाबाकी केली, की त्या बाक्या एकमेकींना खातात आणि उत्तराला ९ ने पूर्ण भाग जातो.

कापरेकरांची क्रिया म्हणजे तेच अंक दोन क्रमांनी लिहून वजाबाकी. त्यामुळे तिचे प्रत्येक उत्तर नऊच्या पाढ्यातले असते. ६१७४ च्या अंकांची बेरीज १८ आणि ६१७४ ला १८ ने भागले तर बरोबर ३४३. अंकांच्या बेरजेने जिला पूर्ण भाग जातो, अशा संख्येला कापरेकरांनी ‘हर्षद संख्या’ असे छान नाव दिले होते. त्यांचा आणखी एक लाडका प्रकार म्हणजे डेम्लो संख्या. ही कल्पना त्यांना आजच्या डोंबिवली स्थानकावर सुचली आणि त्या ठिकाणचे तेव्हाचे नाव त्यांनी संख्येला देऊन टाकले. नऊ वेळा १ लिहून तयार होणाऱ्या संख्येचा वर्ग केला की मिळते १२३४५६७८९८७६५४३२१. सतरा अंकांची ही संख्या नऊपर्यंत चढते आणि तशीच उतरते. तिच्या अंकांची बेरीज ८१, आणि तिला ८१ ने पूर्ण भाग जातो. म्हणजे तीही हर्षदच.

एवढ्या प्रचंड संख्येला नऊने भाग जातो की नाही, हे भागाकार न करता नुसत्या बेरजेने कळते, ही नवाच्या ताळ्याची ताकद. त्याची उणीवही तिथेच आहे.

ताळ्याला न दिसणारी चूक

समजा, केसपेपरचा क्रमांक आहे ४५८२१. उतरवून घेताना तो ४५८७१ झाला. अंकांची बेरीज २० ची २५ झाली, नवाच्या ताळ्याने चूक पकडली. पण घाईत तो ४८५२१ असा लिहिला गेला तर? शेजारचे दोन अंक जागा बदलून बसले, बेरीज मात्र २० ची २०. ताळा जुळला आणि रुग्ण बदलला. ० च्या जागी ९ पडला तरी हा ताळा गप्पच राहतो.

पेढीवरच्या जुन्या मुनिमांना हे पक्के ठाऊक होते. जमाखर्चातला फरक ९ ने भागला गेला, की ते सगळी वही न चाळता आधी अंकांची अदलाबदल शोधत. ५४० च्या जागी ४५० लिहिले तर फरक पडतो ९०. मुनिमाला फरक दिसे, म्हणून तो शोधायला लागे. केसपेपरच्या खिडकीवर असा फरक दाखवणारे काहीच नसते. क्रमांक चुकला, तरी तो दुसऱ्या कुणाचा तरी खरा क्रमांक असतो.

पिनकोडचेही तसेच आहे. १५ ऑगस्ट १९७२ पासून सुरू झालेली ही पद्धत आखली टपाल खात्यातील अधिकारी आणि संस्कृत कवी श्रीराम भिकाजी वेलणकर यांनी. कामाला ती उत्तम. पण तिच्यात चूक ओळखण्याची सोय नाही. पनवेलच्या ४१० चे ४०१ झाले, तर तो आकडा वसई, पालघर, डहाणूकडचा. अंकांची बेरीज तीच, दिशा मात्र वेगळी.

माणसे आकडे लिहिताना नेमक्या कशा चुकतात, हे डच गणितज्ञ याकोबुस व्हेरहूफ यांनी १९६९ मध्ये तपासून मांडले. त्यांनी गोळा केलेल्या चुकांपैकी सुमारे ७९ टक्के चुका एकाच अंकाच्या होत्या. सुमारे १० टक्के चुकांत शेजारच्या दोन अंकांची अदलाबदल झाली होती. बाकीचे सगळे प्रकार उरलेल्या थोड्या जागेत. म्हणजे या दोन चुका पकडता आल्या तर बहुतेक काम झाले.

मराठी माणसाला यात आणखी एक खास अडचण आहे. आपण बोलताना एकम आधी आणि दशम नंतर सांगतो. ‘बासष्ट’ ऐकताना आधी दोन कानावर पडतो, लिहायचा असतो मात्र सहा आधी. ‘एकोणऐंशी’मध्ये तर ऐंशी ऐकू येते आणि लिहायचे असतात सात आणि नऊ. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात ‘साठ दोन’ असे वाचन आले तेव्हा राज्यभर वाद पेटला. संख्यासिद्धांतात संशोधन केलेल्या मंगला नारळीकर तेव्हा गणिताच्या समितीच्या प्रमुख होत्या आणि मुलांचा हाच गोंधळ कमी व्हावा, अशी त्यांची भूमिका होती. वाद भाषेचा होता आणि तो दोन्ही बाजूंनी समजण्यासारखा आहे. पण फोनवर क्रमांक सांगताना ‘एकोणऐंशी’पेक्षा ‘सात, नऊ’ म्हणणे बिनधोक, याबद्दल दुमत नसावे.

शेवटचा अंक राखणदार

चूक पकडण्याचा उपाय असा, की क्रमांकाच्या शेवटी एक जादा अंक जोडायचा आणि तो आधीच्या अंकांवरून हिशेबाने काढायचा. त्याला तपास अंक म्हणू. नवाच्या ताळ्याची उणीव त्यात राहू नये म्हणून प्रत्येक जागेला वेगळे वजन द्यायचे, म्हणजे अंकाने जागा बदलली की बेरीजही बदलेल.

घरातले औषधाचे खोके किंवा बिस्किटाचा पुडा घ्या. बारकोडखाली बहुधा १३ अंक असतात. भारतात नोंदलेल्या उत्पादनांवर सुरुवात ८९० ने होते. नमुन्यासाठी ८९०१२३४५६७८९० ही संख्या घेऊ. रुपयांत म्हटले तर ही रक्कम आठ लाख नव्वद हजार कोटींच्या वर जाईल. पण तिचा ताळा पाहायला मिनीट पुरते. डावीकडून पहिला, तिसरा, पाचवा असे विषम जागांचे अंक मिळवा: ८, ०, २, ४, ६, ८ आणि शेवटचा ०. बेरीज २८. सम जागांचे अंक ९, १, ३, ५, ७, ९ मिळवा. बेरीज ३४, तिची तिप्पट १०२. दोन्ही मिळून १३०. दहाने भाग गेला, म्हणजे क्रमांक नीट आहे. आता मधल्या ३ आणि ४ ची अदलाबदल करून पाहा. बेरीज १३२ होते आणि चूक उघडी पडते.

तिप्पटच का? दुप्पट केली असती तर २ च्या जागी ७ पडल्यावर बेरीज १० ने वाढली असती आणि चूक लपली असती, कारण २ आणि १० यांच्यात सामाईक अवयव आहे. ३ आणि १० यांच्यात तो नाही. तरीही एक फट उरतेच. शेजारच्या अंकांत बरोबर ५ चा फरक असेल, म्हणजे १ आणि ६ किंवा २ आणि ७ असतील, तर त्यांची अदलाबदल या पद्धतीला दिसत नाही. दहाने भागायचे ठरवले आणि नुसती वजने देऊन बेरीज केली, तर ही फट बुजवताच येत नाही.

म्हणून गणितज्ञ ११ कडे वळले. ११ ही मूळ संख्या. एक आणि स्वतः सोडून तिला कशानेच भाग जात नाही. त्यामुळे लपायला फटच उरत नाही. पनवेलवरून न्हावा-शेवा बंदराकडे जाणारे कंटेनर रोज दिसतात. त्यांच्या अंगावर चार अक्षरे, सहा अंक आणि बहुधा एका चौकटीत लिहिलेला सातवा अंक असतो. तो चौकटीतला अंक ११ ने भागून आलेल्या बाकीवरून ठरतो. ब्रिटनच्या सरकारी आरोग्यसेवेत प्रत्येक रुग्णाला दहा अंकी क्रमांक मिळतो. त्यातला शेवटचा अंकही अकराच्या ताळ्याचाच. पहिल्या नऊ अंकांना १० पासून २ पर्यंत उतरती वजने देतात, शेवटच्याचे वजन १, आणि सगळ्या बेरजेला ११ ने पूर्ण भाग जावा लागतो. एक अंक चुकला किंवा कोणत्याही दोन वेगळ्या अंकांनी जागा बदलली, तर भाग जात नाही. गैरसोय एकच: कधी कधी तपास अंक म्हणून १० येतो आणि तो एका घरात मावत नाही. ब्रिटनमध्ये असे क्रमांक कुणाला दिलेच जात नाहीत.

आधारच्या पोटातला पंचकोन

दहाच अंक वापरायचे, एकही क्रमांक वाया घालवायचा नाही आणि तरी दोन्ही प्रकारच्या सगळ्या चुका पकडायच्या, हे कोडे सोडवले पुन्हा व्हेरहूफ यांनीच. त्यांनी नेहमीची बेरीजच बाजूला ठेवली. बेरजेत तीन अधिक पाच आणि पाच अधिक तीन सारखेच. अदलाबदल लपते ती याच समानतेच्या आड. मग अशी क्रिया घ्यावी जिच्यात क्रम बदलला की उत्तर बदलेल. टाके घालताना आधी भूल आणि मग सुई. उलट केले तर काय होते, हे रुग्णाला विचारावे!

पुठ्ठ्याचा एक पंचकोन कापा. तो फिरवून पुन्हा त्याच जागेवर बसवण्याचे पाच प्रकार, आणि उलटा करून बसवण्याचे पाच. एकूण दहा, म्हणजे प्रत्येक अंकाला एक. आधी फिरवून मग उलटा केला तर एक कोपरा वर येतो. आधी उलटा करून मग तसाच फिरवला तर दुसराच. या दहा हालचालींचा एक तक्ता आणि जागेनुसार अंक बदलण्याचा एक नियम, एवढ्यावर त्यांनी तपास अंक बसवला. एका अंकाची कोणतीही चूक आणि शेजारच्या अंकांची कोणतीही अदलाबदल तो पकडतो.

ही पद्धत आज बहुतेकांच्या खिशात आहे. आधारच्या बारा अंकांतला शेवटचा अंक व्हेरहूफ यांच्या पद्धतीचा तपास अंक आहे. देशातले पहिले आधार क्रमांक २९ सप्टेंबर २०१० रोजी नंदुरबार जिल्ह्यातील टेंभली गावात दिले गेले. खिडकीवर आधार क्रमांक टंकताना एखादा अंक चुकला तर संगणकाला तो कुणाचा, हे शोधावेही लागत नाही. क्रमांकच जुळत नाही, हे त्याला जागच्या जागी कळते. क्रेडिट कार्ड आणि मोबाइल संचाचा पंधरा अंकी आयएमईआय क्रमांक यांच्यात आयबीएमचे हान्स पेटर लून यांची त्याहून जुनी आणि सोपी पद्धत आहे. तिला ०९ आणि ९० ची अदलाबदल मात्र ओळखता येत नाही.

आता ज्या क्रमांकावर आपले सगळे रिपोर्ट येतात, तो दहा अंकी मोबाइल क्रमांक पाहा. त्यात तपास अंक नाही. एक अंक चुकला, तर तो बहुधा दुसऱ्या कुणाचा तरी चालू क्रमांक असतो. गरोदरपणाचा, क्षयाचा किंवा एचआयव्हीचा रिपोर्ट अनोळखी माणसाच्या फोनवर पोहोचतो आणि ज्याला तो हवा असतो तो वाट पाहत बसतो. औषध सुरू व्हायला उशीर होतो. घराबाहेर जायला नको ती गोष्ट बाहेर जाते.

गणिताची हद्द

तपास अंकाचे कौतुक करताना त्याची हद्दही ओळखायला हवी. मनाला येतील ते बारा अंक लिहिले तरी दहांपैकी सुमारे एका वेळी व्हेरहूफचा ताळा जुळेल. क्रमांक नीट घडलेला आहे, एवढेच तो सांगतो. समोर बसलेली व्यक्ती त्या क्रमांकाची आहे का, हे त्याला कळत नाही.

रुग्णालयातल्या धोकादायक चुका पुष्कळदा इथेच होतात. पनवेल-उरण भागात पाटील, म्हात्रे, ठाकूर, भोईर ही आडनावे घरोघरी. एकाच वॉर्डात एकाच नावाच्या दोन बायका असणे नवलाचे नाही. रक्ताचा नमुना एकीचा घेतला आणि नळीवर चिठ्ठी दुसरीची लागली, तर चिठ्ठीवरचा क्रमांक शंभर टक्के बरोबर असतो. तपास अंक जुळतो, बारकोड वाचला जातो, यंत्र हिरवा दिवा दाखवते. चुकीच्या गटाचे रक्त चढण्याची वेळ अशा चिठ्ठीमुळे येऊ शकते.

म्हणून रुग्णसुरक्षेचा जगभरचा नियम असा, की कोणतेही औषध, रक्त किंवा तपासणी यांच्या आधी किमान दोन ओळखी पटवायच्या: पूर्ण नाव आणि जन्मतारीख, किंवा नाव आणि नोंदणी क्रमांक. खाटेचा क्रमांक ही ओळख नव्हे, खाट बदलते. नळीवरची चिठ्ठी रुग्णासमोरच लावायची, टेबलावर जाऊन नव्हे. विचारण्याचीही रीत आहे. ‘तुम्ही सुनीताबाई ना?’ असे विचारले तर कमी ऐकू येणाऱ्या किंवा घाबरलेल्या बाई मान डोलावतात. ‘तुमचे पूर्ण नाव सांगा’ म्हटले की उत्तर त्यांनाच द्यावे लागते.

रुग्णाच्या बाजूनेही थोडे करता येते. मोबाइल क्रमांक सांगताना एकेक अंक सुटा सांगावा आणि समोरच्याकडून तो परत वाचून घ्यावा. केसपेपर हातात आला की खिडकीवरून हलण्याआधी नाव, वय आणि क्रमांक पाहावा. रिपोर्ट मिळाला की आकड्यांच्या आधी वरचे नाव वाचावे. रक्त काढायला आलेल्याने नाव विचारले नाही, तर आपणच सांगावे. आणि सकाळपासून चौथ्यांदा कुणी तेच नाव, तेच वय विचारले, तर वैतागू नये. ‘सगळे लिहिलेले आहे की कागदावर’ असे म्हणण्याऐवजी पाचव्यांदाही पूर्ण नाव सांगावे. रुग्ण तोच आहे ना, एवढा एकच ताळा यंत्राला करता येत नाही.